लग्नाच्या पत्रावळीपासून मामा तलावापर्यंत : महाविद्यालयात कल्पकतेने प्रश्न सोडवायला कसे शिकवता येते?

पदवीचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याला, तो कला शाखेचा असो, वाणिज्यचा असो की विज्ञानाचा, पर्यावरण हा विषय अभ्यासावा लागतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००३ मध्ये आखलेल्या या विषयाच्या अभ्यासक्रमात सहाव्या घटकात एक छोटा मुद्दा आहे : चंगळवाद आणि टाकाऊ पदार्थ. तो एका तासिकेत उरकता येतो आणि परीक्षेत टीप लिहून गुणही मिळवता येतात.

मात्र याच मुद्द्याचा आधार घेऊन विद्यार्थ्यांना एक वेगळे कौशल्य शिकवता येते. ते म्हणजे आपल्या आजूबाजूचा प्रश्न नेमका ओळखणे, त्यावर अनेक उपाय सुचवणे आणि त्यांतला एक प्रत्यक्ष करून पाहणे. गोंदियासारख्या धान, जंगल आणि तलावांच्या जिल्ह्यात त्यासाठी लागणारे साहित्य गावागावांत उपलब्ध आहे. ही पद्धत काय आहे, ती चंगळवाद व शाश्वततेशी कशी जोडता येते आणि ती वापरताना कोणत्या चुका होतात, याची ही माहिती.

कल्पकतेने प्रश्न सोडवणे म्हणजे काय?

गणिताच्या पुस्तकातील प्रश्नाला एकच उत्तर असते आणि ते शेवटच्या पानावर छापलेले असते. गावातल्या कचऱ्याच्या प्रश्नाचे तसे नसते. तिथे मुळात प्रश्न कोणता, यावरच लोकांचे एकमत नसते. अशा प्रश्नांसाठी विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत एक पद्धत विकसित झाली. ॲलेक्स ऑस्बॉर्न यांनी १९५३ साली 'अप्लाइड इमॅजिनेशन' या पुस्तकात तिची मांडणी केली. पुढे सिडनी पार्न्स यांनी ती शिक्षणात आणली. 'ब्रेनस्टॉर्मिंग' हा आज सर्रास वापरला जाणारा शब्दही ऑस्बॉर्न यांच्यामुळेच रूढ झाला.

ऑस्बॉर्न एका मोठ्या जाहिरात संस्थेचे भागीदार होते. लोकांनी जास्त खरेदी करावी म्हणून नव्या कल्पना शोधणाऱ्या व्यवसायातून ही पद्धत आली, आणि आता तीच खरेदीवर प्रश्न विचारण्यासाठी वर्गात वापरली जाते.

या पद्धतीचे साधारण सहा टप्पे सांगितले जातात :

१. कुठे काहीतरी खटकते आहे ते ओळखणे.
२. त्याबद्दल माहिती गोळा करणे : मोजणे, पाहणे, विचारणे.
३. प्रश्न नेमक्या शब्दांत मांडणे.
४. जास्तीत जास्त कल्पना सुचवणे.
५. निकष ठरवून त्यांतून निवड करणे.
६. निवडलेला उपाय लोकांना पटेल अशा रीतीने अमलात आणणे.

चौथ्या टप्प्यात एक नियम कसोशीने पाळावा लागतो. कल्पना सुचत असताना कोणावरही टीका करायची नाही. 'हे शक्यच नाही' असे एकाने म्हटले की पुढचे चार जण गप्प बसतात. पाचव्या टप्प्यात मात्र प्रत्येक कल्पना कठोरपणे तपासायची. आधी विचार पसरवायचा आणि मग आवळायचा. मानसशास्त्रात यांना अपसारी व अभिसारी विचार म्हणतात. जे. पी. गिलफर्ड यांच्या संशोधनामुळे १९५० नंतर हा फरक शिक्षणक्षेत्रात परिचित झाला.

आपल्याकडे बहुतेक वेळा तिसरा टप्पा वगळला जातो. प्रश्न मांडण्याआधीच उत्तर ठरलेले असते : जनजागृती करा, फलक लावा, रॅली काढा.

एका शब्दाचे दोन अर्थ

इंग्रजीतील 'कन्झ्युमरिझम' या शब्दासाठी मराठीत दोन वेगळे शब्द आहेत, ही शिकवण्याच्या दृष्टीने सोयीची गोष्ट आहे.

पहिला अर्थ ग्राहक चळवळीचा. ग्राहकाला योग्य वजन, योग्य दर्जा आणि खरी माहिती मिळाली पाहिजे, हा तिचा आग्रह. महाराष्ट्रात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची सुरुवात केली. १९७५ पासून काम करणाऱ्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारच्या कुटुंबांचे गट करून महिन्याचा किराणा एकत्र मागवण्याची पद्धत रुजवली. यादी आधी करायची आणि तेवढेच मागवायचे, त्यामुळे दुकानातल्या आकर्षणाला बळी पडून होणारी खरेदी टळते. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ मध्ये आला. त्याच्या जागी आलेला २०१९ चा नवा कायदा जुलै २०२० पासून लागू आहे.

दुसरा अर्थ चंगळवादाचा. गरज नसताना घेणे, चालू असलेली वस्तू टाकून नवी आणणे, वस्तूवरून माणसाची पत ठरवणे.

पहिल्या अर्थाने ग्राहक जागा होतो आणि दुसऱ्या अर्थाने तो वाहवत जातो. वर्गात दोन्ही अर्थ एकत्र ठेवले की चर्चेला धार येते. बिघडलेला मोबाइल दुरुस्त करून मिळणे हा ग्राहकाचा हक्क आहे आणि दुरुस्त केलेला मोबाइल आणखी दोन वर्षे वापरणे ही शाश्वतता आहे. इथे हक्क आणि संयम एकाच बाजूला येतात.

हा विषय अभ्यासक्रमात कसा आला?

पर्यावरणवादी वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९९१ मध्ये निकाल देताना सर्व स्तरांवर पर्यावरण शिक्षण देण्याचे निर्देश दिले. त्यानंतर अनेक वर्षांनी, डिसेंबर २००३ मध्ये न्यायालयाने पुन्हा आदेश दिले आणि पदवीसाठी सहा महिन्यांचा सक्तीचा अभ्यासक्रम देशभर लागू झाला. तो तयार करण्यात पुण्याचे डॉ. इराक भरुचा यांचा प्रमुख वाटा होता. या विषयाचे पाठ्यपुस्तकही त्यांनी लिहिले.

त्यात आठ घटक आणि ५० तासिका होत्या. शेवटचा घटक क्षेत्रकार्याचा. १०० पैकी २५ गुण प्रत्यक्ष बाहेर पडून केलेल्या कामाला ठेवलेले होते. नवीन राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आयोगाने २०२३ मध्ये या विषयाचा सुधारित आराखडा दिला. त्यातही उदाहरणांच्या अभ्यासावर आणि क्षेत्रकार्यावर भर आहे.

म्हणजे वर्गाबाहेर पडायला परवानगी आहे आणि त्याला गुणही आहेत. अडचण एवढीच की क्षेत्रकार्य म्हणजे आयती माहिती उतरवलेली, चित्रे चिकटवलेली वही असा समज सहज होतो. वही जमा झाली की विषय संपला.

गोंदियात हा विषय वेगळा का ठरतो?

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यात आठ तालुके आहेत. धानाची शेती, राइस मिल, विडी उद्योग, तेंदूपत्ता आणि मोहफुलांची वेचणी ही येथील उपजीविकेची मुख्य साधने. येथील महाविद्यालये राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्न आहेत.

अशा जिल्ह्यात 'कमी वापरा, कमी खरेदी करा' हा उपदेश अडखळतो. ज्या विद्यार्थ्याची आई विड्या वळते आणि वडील रोवणीच्या मजुरीला जातात, त्याच्या घरात मुळात वापरच थोडा असतो. जुनी साडी गोधडीत जाते, डबा फुटला तरी बी-बियाणे ठेवायला उपयोगी पडतो. त्याला चंगळवादाविरुद्ध निबंध लिहायला सांगितले तर तो दुसऱ्याच कोणाच्या तरी आयुष्यावर लिहितो.

म्हणून येथे प्रश्न थोडा फिरवून विचारावा लागतो. कोण किती वापरतो? त्याचा भार कोणावर पडतो? तिरोडा येथे ३,३०० मेगावॉट क्षमतेचे कोळशावर चालणारे वीज केंद्र आहे. तिथली वीज राज्याच्या वीजजाळ्यात जाते आणि दूरच्या शहरांतही वापरली जाते. कोळसा मात्र इथे जळतो आणि राख इथे साठते. शहरातल्या खोलीतला वातानुकूलक आणि तिरोड्याची राख यांच्यातला धागा शोधणे हा वर्गासाठी निबंधापेक्षा चांगला अभ्यास आहे. त्यात विद्यार्थ्याला उगाच अपराधी वाटत नाही आणि आपला जिल्हा या साखळीत कुठे बसतो हे त्याला कळते.

त्याच वेळी चंगळीची चाहूल इथेही लागली आहे. ती सर्वांत स्पष्ट दिसते ती लग्नात.

उदाहरण पहिले : मांडवातले ताट

समजा, आमगाव तालुक्यातील एका लग्नात ८०० पाहुणे जेवले. प्रत्येकी एक ताट, दोन वाट्या, एक पेला आणि एक चमचा धरला तर एका जेवणातून ४,००० वस्तू कचऱ्यात जातात. महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली आणि १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या व थर्माकोलच्या एकदाच वापरायच्या ताट, वाटी, पेला, चमचा अशा वस्तूंवर देशभर बंदी आली. तरी मांडवाच्या मागचा ढीग संपलेला नाही. कागदाची दिसणारी अनेक ताटेही आतून पातळ प्लास्टिकच्या थराची असतात.

पहिल्या फेरीत विद्यार्थी प्रश्न असा मांडतात : 'लग्नात प्लास्टिक कसे बंद करावे?' उत्तरही लगेच येते : 'पळसाच्या पत्रावळी वापरा.' पत्रावळी हा या भागातला जुना उद्योग, पळसाची झाडेही भरपूर. मग लोक त्या का वापरत नाहीत?

इथे दुसरा टप्पा कामाला येतो. विद्यार्थ्यांनी मांडवात उभे राहून पाहायचे, आचाऱ्याला विचारायचे, पत्रावळी लावणाऱ्या बाईंशी बोलायचे. त्यातून तीन गोष्टी हाती लागू शकतात.

पहिली, पत्रावळ ही पंगतीसाठी बनलेली वस्तू आहे. ती जमिनीवर ठेवायची असते. बफेमध्ये उभ्याने हातात धरली की वरण-भाताच्या ओझ्याने ती वाकते.

दुसरी, पळसाची पाने झाडावर वर्षभर सारखी नसतात. उन्हाळ्याच्या तोंडावर पानगळ होते आणि लग्नसराईही तेव्हाच असते. म्हणजे पाने आधी गोळा करून, वाळवून ठेवावी लागतात. तेवढे भांडवल आणि जागा पत्रावळी लावणाऱ्या बाईंकडे असतेच असे नाही.

तिसरी, यजमानाला 'लोक काय म्हणतील' याची चिंता असते. पत्रावळ म्हणजे गरिबीचे लक्षण, असे काहींना वाटते.

आता प्रश्न बदलतो. तो प्लास्टिकचा राहत नाही. 'उभ्याने जेवणाऱ्या ८०० माणसांना हातात पेलेल, वेळेवर मिळेल आणि यजमानाला कमीपणा वाटणार नाही असे ताट कसे देता येईल?' हा प्रश्न लांबलचक आहे, पण त्यावर काम करता येते.

कल्पनांच्या फेरीत मग विविधता येते. दोन थरांची, यंत्रावर दाबून घट्ट केलेली पत्रावळ. बचत गटाने स्टीलची ताटे भाड्याने द्यायची. गावाची सामायिक भांडी पुन्हा सुरू करायची. वडीलधाऱ्यांसाठी पंगत आणि तरुणांसाठी बफे ठेवायचा. लग्नपत्रिकेतच 'जेवण पंगतीत' असे छापायचे. वाट्या काढून टाकून ताटालाच खण करायचे. अडलेल्या गटाला कल्पना सुचाव्यात म्हणून बॉब एबर्ली यांची 'स्कॅम्पर' ही प्रश्नावली उपयोगी पडते : काय बदलता येईल, काय जोडता येईल, काय दुसऱ्या कामी लावता येईल, काय काढून टाकता येईल, काय उलटे करता येईल?

निवडीच्या वेळी खर्च, मेहनत, कचरा आणि पाहुण्यांची सोय हे निकष सहज सुचतात. पाणी हा निकष सहसा विसरला जातो. ८०० स्टीलची ताटे मे महिन्यात धुवायची तर पाणी कुठून आणायचे? कचरा वाचवताना पाणी खर्च होते. प्रत्येक उपायाला अशी किंमत असते, हे विद्यार्थ्याला इथे हिशेबातून कळते.

शेवटची पायरी छोटी ठेवावी. एकदम कोणाच्या लग्नात प्रयोग करू नये. महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात ५० जणांच्या जेवणावर करावा. ताट कितव्या मिनिटाला वाकले, किती जणांनी दुसरे मागितले, हे लिहून ठेवावे.

उदाहरण दुसरे : तांदूळ किती पांढरा हवा?

चंगळ फक्त मोबाइल आणि कपड्यांत नसते, ती ताटातल्या भाताच्या रंगातही असू शकते. साधारण १०० किलो धान भरडले की सुमारे २० किलो तूस निघते. त्यानंतर तांदळाला पॉलिश करताना कोंडा निघतो आणि काही दाणे तुटून कणी होते. पॉलिश जितकी जास्त तितका तांदूळ शुभ्र, पण ब-१ सारखी जीवनसत्त्वे आणि तंतू कोंड्याबरोबर निघून जातात.

या प्रश्नाला विदर्भात जुना इतिहास आहे. १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याचे संघटक जे. सी. कुमारप्पा यांनी गिरणीच्या पॉलिश तांदळाऐवजी हातसडीच्या तांदळाचा आग्रह धरला. त्यामागे आहार आणि गावातला रोजगार असे दोन्ही विचार होते. पुढे १९४५ च्या सुमारास त्यांनी 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' हे पुस्तक लिहिले. शाश्वत विकास हा शब्द जगभर रूढ होण्याच्या कितीतरी आधीचे हे लेखन आहे.

वर्गासाठी प्रश्न असा : ग्राहक पांढराच तांदूळ का घेतो? सोपे उत्तर 'अज्ञान' हे आहे. पण चौकशी केली की दुसरी कारणेही समोर येतात. कोंड्यात तेल असते, त्यामुळे कमी पॉलिशचा तांदूळ लवकर खवट होतो. तो शिजायला वेळ घेतो, म्हणजे गॅस किंवा सरपण जास्त लागते. पाहुण्यांसमोर लालसर भात वाढणे बरे दिसत नाही. आता उपाय फक्त प्रबोधनाचा राहत नाही. कमी तांदूळ ताजा भरडून देणारी गावातली छोटी गिरणी, भात आधी भिजवण्याची सवय, अर्धवट पॉलिशचा तांदूळ असे पर्याय पुढे येतात.

तुसाचेही तसेच. राइस मिलसाठी ते बॉयलरचे इंधन आहे, कचरा नाही. पण जाळल्यावर त्याच्या वजनाच्या सुमारे एक पंचमांश राख उरते आणि तिच्यात सिलिका मोठ्या प्रमाणात असते. एकाचा कचरा दुसऱ्याचा कच्चा माल होतो, तरी साखळीच्या शेवटी काहीतरी उरतेच. ते कुठे जाते, हे विद्यार्थ्यांनी शोधावे.

प्रश्न बदलला की उत्तर बदलते : मामा तलाव

ही सगळी पद्धत पुस्तकी वाटत असेल तर जिल्ह्यातच घडलेले एक उदाहरण पाहण्यासारखे आहे.

पूर्व विदर्भात हजारो जुने तलाव आहेत. त्यांतले अनेक कोहळी समाजाच्या कसबी लोकांनी बांधले. मालगुजारी पद्धत १९५० नंतर रद्द झाली आणि हे तलाव सरकारकडे गेले. तेव्हापासून त्यांना माजी मालगुजारी, म्हणजेच 'मामा' तलाव म्हणतात. देखभाल सुटली, गाळ साचला, काठावर बेशरमाची झुडपे माजली आणि ढीवर समाजाच्या जाळ्यात येणारे स्थानिक मासे कमी झाले.

नेहमीचा प्रश्न होता, 'मासे कसे वाढवायचे?' आणि नेहमीचे उत्तर होते, रोहू-कटला यांचे बीज सोडा. मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी अर्जुनी मोरगाव परिसरात ढीवरांसोबत काम करताना प्रश्न वेगळा मांडला. मासे कुठे लपतात, काय खातात, अंडी कुठे घालतात? उत्तर ढीवरांना ठाऊक होते : पाणवनस्पतींमध्ये. मग बेशरम उपटले गेले, तलावाच्या तळाची नांगरट झाली आणि स्थानिक पाणवनस्पती लावल्या गेल्या. या कामात ढीवर महिलाही पुढे आल्या. वनस्पती परतल्या तसे स्थानिक मासे आणि पक्षीही परतू लागले.

महाविद्यालयीन विद्यार्थ्यासाठी यात दोन धडे आहेत. एक, तलावाकडे फक्त पाणी आणि मासळीचे कोठार म्हणून पाहिले की त्यातले बाकी सगळे दिसेनासे होते. दोन, प्रश्नाची किल्ली कधी कधी पदवी नसलेल्या माणसाकडे असते. त्यामुळे माहिती गोळा करताना 'तज्ज्ञ कोण' हेही ठरवावे लागते.

राज्य पातळीवर अशा कामाला उन्नत महाराष्ट्र अभियानाची चौकट आहे. राज्य शासनाने २०१६ मध्ये ते सुरू केले. त्यामागे आयआयटी मुंबईच्या 'सितारा' या ग्रामीण तंत्रज्ञान केंद्राचा अनुभव होता. गावाची पाणी योजना, ऊर्जा, सार्वजनिक वाहतूक अशा प्रश्नांचा अभ्यास परिसरातल्या महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनी करावा आणि तो प्रशासनाच्या उपयोगी पडावा, ही त्यामागची कल्पना.

नेहमीच्या चुका

• टाकाऊतून टिकाऊ : बाटलीचा पेनस्टँड, सीडीचे तोरण. हात चालतो, प्रदर्शन छान होते, पण विकत आणल्या जाणाऱ्या बाटल्यांची संख्या कमी होत नाही. बाटली घरात आलीच का, हा प्रश्न विचारला जात नाही.
• कापडी पिशव्यांचे वाटप : प्रत्येक कार्यक्रमात नवी पिशवी मिळाली की घरात पिशव्यांचा ढीग होतो. तोही चंगळवादच.
• सगळा दोष माणसावर : यजमान चुकला, ग्राहक चुकला. पत्रावळ बाजारात का मिळत नाही, ताट बनवणाऱ्याची जबाबदारी काय, हे प्रश्न बाजूला राहतात.
• पहिली कल्पना हीच शेवटची : गटातला बोलका विद्यार्थी सुचवतो आणि बाकीचे होकार देतात. आधी प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहून मग चर्चा केली तर लाजाळू विद्यार्थ्यांच्या कल्पनाही समोर येतात.

गुण कसे द्यावेत?

गुण जाडजूड वहीला मिळणार असतील तर वह्या जाडच होतात. क्षेत्रकार्याचे २५ गुण, उदाहरणार्थ, असे विभागता येतील : प्रश्नाची मांडणी किती वेळा आणि का बदलली यासाठी ५, स्वतः मोजलेल्या-पाहिलेल्या पुराव्यासाठी ५, कल्पनांच्या विविधतेसाठी ५, छोट्या प्रयोगासाठी ५ आणि संबंधित लोकांना निष्कर्ष सांगून त्यांचे म्हणणे नोंदवण्यासाठी ५. प्रयोग फसला म्हणून गुण कापू नयेत. पत्रावळ दहाव्या मिनिटाला वाकली, ही प्रामाणिक नोंद नक्कल केलेल्या वीस पानांपेक्षा जास्त उपयोगाची असते, कारण पुढच्या वर्षीचा गट तिथून पुढे जाऊ शकतो.

त्यासाठी आदल्या वर्षीच्या वह्या रद्दीत न घालता ग्रंथालयात ठेवाव्या लागतात. शाश्वततेचा विषय शिकवणाऱ्या महाविद्यालयाला विद्यार्थ्यांचे काम दरवर्षी फेकून देणे परवडणारे नाही.